रॉड एंड बदलूनही एलेव्हेटरच्या जोडणीत पुन्हा पुन्हा येणारा प्ले : कारणे, मोजमाप आणि उपाय

कुपवाडजवळच्या एका शेडमध्ये माझे मित्र गेली काही वर्षे दोन आसनी ॲल्युमिनियमचे विमान बांधत आहेत आणि त्याच्या कंट्रोलच्या जोडण्यांचे काम आम्ही दोघे मिळून पाहतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी मिळेपर्यंत हे विमान जमिनीवरच राहणार आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते सगळे चाकांना ठोकळे लावून आणि शेपूट बांधून इंजिन चालवताना आढळलेले आहे.

तक्रार अशी होती. एलेव्हेटर (शेपटीतला, विमानाचे नाक वर-खाली करणारा हलता पृष्ठभाग) घट्ट धरून ठेवून स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) पुढे-मागे हलवली, तर नव्या जोडणीत ती मुठीपाशी सुमारे २ मिमी मोकळी हलत असे. तीन-चार तास इंजिन चालवल्यावर हाच प्ले, म्हणजे सांध्यांतला मोकळेपणा, ९ मिमीपर्यंत जाई. लांब पुशरॉडच्या (स्टिकची हालचाल पुढे पोहोचवणाऱ्या नळीच्या) दोन्ही टोकांचे रॉड एंड (गोळा बसवलेले सांधे) बदलले की तो ३ मिमीवर येई, आम्हाला समाधान वाटे आणि पुढच्या तीन-चार तासांत तो पुन्हा ८-९ मिमीवर जाऊन बसे. असे तीन वेळा झाले. एलेव्हेटरच्या जोडणीतला प्ले हा केवळ हाताला लागणारा ढिलेपणा नसतो; वजनाने नीट न तोललेला पृष्ठभाग आणि ढिली जोडणी एकत्र आली, की वेग वाढल्यावर फ्लटर (पृष्ठभागाची आपोआप वाढत जाणारी फडफड) सुरू होण्याची भीती असते. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू द्या’ हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय येथे लागू पडत नाही.

जोडणीची मांडणी आधी सांगतो, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावरच उभे आहेत. स्टिकची मूठ तिच्या पिव्हटपासून ४२० मिमी वर आहे आणि खालचा हात ७० मिमी लांब आहे. खालच्या हातापासून निघालेला आखूड पुशरॉड सीटखालून मागे जाऊन बेल क्रँकच्या (मधल्या पिव्हटवर झुलणाऱ्या दोन हातांच्या लिव्हरच्या) खालच्या, ७० मिमी लांबीच्या हाताला मिळतो. बेल क्रँकचा वरचा हात १०० मिमीचा आहे आणि तेथून १.५ मीटर लांबीचा पुशरॉड शेपटीतल्या एलेव्हेटर हॉर्नपर्यंत (एलेव्हेटरला बसवलेल्या हातापर्यंत) जातो. हा लांब पुशरॉड म्हणजे ६०६१-टी६ मिश्रधातूची, बाहेरून २५ मिमी व्यासाची आणि १ मिमी जाडीची नळी होती.

आमचा पहिला संशय हळदीवर गेला. शेडच्या शेजारी हळद पॉलिश करण्याचे ढोल आहेत आणि हंगामात तेथून उडणारी पूड आमच्या टूलबॉक्समध्येही शिरते. पहिला काढलेला रॉड एंड फडक्याने पुसला तेव्हा फडके स्वच्छ पिवळे झाले. ग्रीसमध्ये धूळ बसून गोळा झिजला, हे निदान इतके सोपे आणि इतके सांगलीचे होते, की आम्ही ते विनातक्रार मान्य केले. दुसऱ्या खेपेला सीलबंद रॉड एंड बसवले, त्यांवर रबराचे वॉशर घातले, आणि तेही तितक्याच तासांत ढिले झाले. तिसऱ्या खेपेला मिळणारे सर्वांत चांगले रॉड एंड आणले. निकाल तोच.

जो भाग झिजलेला दिसतो तोच दोषी, असे समजून आपण तो बदलतो; पण प्ले परत आला याचा अर्थ तो भाग कोणीतरी झिजवत आहे. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे एकूण प्लेची वाटणी करणे. मुठीपाशी दिसणारे ९ मिमी नेमके कोणत्या सांध्यातून किती येतात, हे मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

मोजण्यासाठी एलेव्हेटर त्याच्या हॉर्नपाशीच शिकंजाने पकडावा. मागच्या कडेला पकडला, तर पृष्ठभागाचे पिळणे आणि बिजागऱ्यांची लवचीकता हिशेबात मिसळते. नंतर एकाने स्टिक ताणकाट्याने प्रथम एक किलो आणि मग पाच किलो जोराने दोन्ही दिशांना ओढावी आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर, त्यातल्या दोन भागांमध्ये आडवा, डायल इंडिकेटर लावावा. डायल लावण्यापूर्वी नुसते बोट सांध्यावर टेकवून पाहावे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची हालचाल बोटाला स्पष्ट कळते. पाच किलोची ओढ आवश्यक आहे, कारण अर्धवट आवळलेला बोल्ट हलक्या जोराला घर्षणाने जागच्या जागी थांबून राहतो आणि प्ले नसल्याचा भास होतो. आम्ही तीन वेळा फसलो ते येथेच.

मोजणीत बेल क्रँकच्या वरच्या सांध्यात ०.२५ मिमी, शेपटीकडच्या हॉर्नच्या सांध्यात ०.२ मिमी आणि बेल क्रँकच्या पिव्हटमध्ये ०.५ मिमी हालचाल सापडली. आकडे जवळपासचे वाटतात, पण मुठीपाशी त्यांचे वजन सारखे नसते. लांब पुशरॉडच्या कोणत्याही टोकाचा १ मिमी प्ले बेल क्रँकच्या गुणोत्तराने ०.७ आणि स्टिकच्या गुणोत्तराने त्याच्या सहापट, म्हणजे मुठीपाशी ४.२ मिमी होतो. पिव्हटचे गणित वेगळे आहे. वरचे टोक अडवलेले असताना मधला पिव्हट १ मिमी सरकला, तर खालचे टोक १.७ मिमी सरकते आणि मूठ १०.२ मिमी. याचाच अर्थ पिव्हटच्या अर्ध्या मिलिमीटरने मुठीपाशी ५ मिमीहून अधिक प्ले दिला होता आणि आम्ही मन लावून बदललेल्या दोन रॉड एंडांचा वाटा मिळून २ मिमीसुद्धा नव्हता. उरलेले २ मिमी पहिल्यापासूनचेच, बाकीच्या सांध्यांतले होते.

पिव्हटमध्ये दोन बॉल बेअरिंगे आहेत आणि त्यांत काही खराबी नव्हती. हाताने फिरवली की ती रेशमासारखी फिरत. मग हालचाल कुठली? आमच्या लेथवाल्या मामांनी बेल क्रँक पाहिला आणि बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटच्या कानापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायला लावली. रेघ सुकल्यावर वीस मिनिटे स्टिक पुढे-मागे केली. पाहतो तर रेघेचे दोन तुकडे झाले होते : ब्रॅकेटवरचा तुकडा जागेवर आणि बोल्टवरचा तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा पुढे सरकलेला. मामा एवढेच म्हणाले, “बोल्टच फिरणार असंल, तर बेअरिंग कशाला बसवलंय मग?”

बेअरिंगची आतली रिंग, बोल्ट आणि ब्रॅकेटचे दोन कान हे सगळे आवळून एक झाले पाहिजेत आणि फिरण्याचे काम फक्त गोळ्यांनी केले पाहिजे. आमच्याकडे बोल्ट ब्रॅकेटच्या मऊ ॲल्युमिनियमच्या भोकात फिरत होता आणि भोक लांबट होत चालले होते. नियमांच्या भाषेत सांगायचे, तर अमेरिकेच्या एफएआर भाग २३ मध्ये (लहान विमानांच्या आरेखनाच्या नियमांत), २०१७ साली त्याची फेररचना होण्यापूर्वी, बॉल किंवा रोलर बेअरिंग नसलेल्या, कोनात हलणाऱ्या पुशरॉडच्या सांध्यांसाठी सर्वांत मऊ धातूच्या, टेकणाऱ्या भागाचा दाब सोसण्याच्या ताकदीवर ३.३३ चा विशेष गुणक मागितलेला होता. आमचा सांधा बॉल बेअरिंगचा म्हणून आरेखित होता. नकळत तो साध्या भोकाचा सांधा झाला होता, आणि तसा तो कोणी आरेखितच केला नव्हता.

बोल्ट सैल का राहिला, हा खरा प्रश्न. दोन्ही बेअरिंगे बेल क्रँकच्या हबमध्ये पायरीला टेकून बसतात आणि त्या दोन पायऱ्यांमधले अंतर २४.०० मिमी आहे. आतल्या रिंगांमध्ये जो स्पेसर (अंतर राखणारी आखूड नळी) असतो तो निदान तितकाच लांब हवा. आमचा स्पेसर मायक्रोमीटरखाली २३.८२ मिमी भरला. त्यामुळे नट पुरता आवळला, की आतल्या रिंगा एकमेकींकडे खेचल्या जात, गोळ्यांवर आडवा दाब येई आणि बेल क्रँक जड फिरे. जडपणा जावा म्हणून माझे मित्र दर वेळी कॅसल नट (खाचा असलेला नट) एक खाच मागे घेऊन त्या खाचेतून बोल्टच्या आरपार जाणारी स्प्लिट पिन घालत. पाव इंची बोल्टला इंचाला २८ आटे असतात आणि नटाला सहा खाचा. एक खाच मागे म्हणजे सुमारे ०.१५ मिमी. कमी पडलेल्या ०.१८ मिमीच्या अगदी जवळचा हा आकडा आहे! हाताला बेल क्रँक हलका लागे, पिन व्यवस्थित दिसे, आणि आतल्या रिंगेवरची पकड जवळजवळ सुटलेली असे. जोडणी नवी असताना जे थोडे घर्षण उरे आणि ज्यामुळे प्ले ३ मिमीच दिसे, ते पहिल्या काही तासांच्या थरथरीत निघून जाई.

त्यामुळे बेल क्रँक नट आवळल्यावर जड होत असेल तर नट सैल करू नये, स्पेसर मोजावा. आम्ही स्टीलचा नवा स्पेसर २४.०१ मिमी लांबीचा, दोन्ही तोंडे एका सेटिंगमध्ये समांतर घेऊन, करून घेतला. लांबट झालेल्या भोकात बुश ठोकून काम भागवण्याचा मोह होतो, पण भोक मोठे झाले की त्याच्या केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी पडते आणि कान फाटण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे ९.५ मिमीच्या बुशसाठी १९ मिमी हवे होते आणि १६ मिमीच उपलब्ध होते, म्हणून ब्रॅकेटच नवा केला. जाता जाता दोन गोष्टी : जेथे बोल्टवर फिरण्याचा ताण येऊ शकतो तेथे नुसत्या नायलॉनच्या नटावर विसंबू नये, कॅसल नट आणि स्प्लिट पिनच हवी, आणि रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला मोठ्या व्यासाचा वॉशर घालावा, म्हणजे गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटून जात नाही.

एवढे केल्यावर प्रश्न संपायला हवा होता. सहा तास इंजिन चालले, पिव्हटमध्ये डायलचा काटा हलला नाही, नेलपॉलिशची रेघ अखंड राहिली. पण लांब पुशरॉडच्या दोन्ही रॉड एंडांत सुमारे ०.१५ मिमी प्ले पुन्हा आला. झीज मंदावली होती, थांबली नव्हती.

शेपटीकडचे तपासणीचे झाकण काढून आत बॅटरीचा प्रकाश टाकला आणि इंजिनाच्या फेऱ्या हळूहळू वाढवत नेल्या. ४१०० फेऱ्यांच्या आसपास लांब पुशरॉडची मधली कड एकदम पुसट झाली, जणू एकाच्या जागी दोन नळ्या दिसू लागल्या. ४४०० ला ती पुन्हा रेखीव झाली. इंजिन रोटॅक्स ९१२ आहे, त्याच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर २.२७; म्हणजे त्या वेळी प्रोपेलर मिनिटाला सुमारे १८०० फेऱ्या करत होता, सेकंदाला ३०. दोन्ही टोकांना टेकलेल्या नळीची वाकण्याची पहिली नैसर्गिक वारंवारता काढली : ॲल्युमिनियमचा लवचीकता गुणांक ६९ गिगापास्कल, नळीचा जडत्व आघूर्ण सुमारे ५४४० मिमी चतुर्थ घात, वजन मीटरला साधारण २०४ ग्रॅम, लांबी १.५ मीटर. उत्तर ३० हर्ट्झ. प्रोपेलरमधला थोडासा असमतोल या नळीला तिच्या स्वतःच्या तालावर झोके देत होता आणि तिची टोके रॉड एंडांच्या गोळ्यांवर सेकंदाला तीस वेळा आपटत होती.

मोबाइलमधल्या कंपनमापकाने हे पडताळताना एक चूक झाली, ती सांगून ठेवतो. फोन नळीच्या मधोमध चिकटपट्टीने बांधला, नळीला टिचकी मारली आणि २० हर्ट्झ आले. नळीचे सगळे वजन ३०५ ग्रॅम आणि फोनचे २००. मोजमाप नळीचे नव्हते, नळी आणि फोन या जोडगोळीचे होते. फोन शेजारच्या बल्कहेडवर (धडातल्या आडव्या भिंतीवर) ठेवून पुन्हा टिचकी मारली तेव्हा २९ आले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्याचा वावर आहे त्याला तार अर्ध्यावर दाबली की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे वारंवारता दुप्पट होते, हे सांगावे लागत नाही. नळीचे तसे नाही. तारेला सरळ ठेवतो तो तिच्यावरचा ताण. नळीला सरळ ठेवतो तो तिचा स्वतःचा ताठपणा, आणि म्हणून लांबी निम्मी केली की वारंवारता चौपट होते. १.५ मीटरच्या नळीचे दोन समान तुकडे करून मध्ये एक झुलता लिव्हर घातला, तर प्रत्येक तुकड्याची वारंवारता १२० हर्ट्झवर जाते.

हा उपाय निवडण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर होते. आरेखन करताना नळीची ताकद फक्त ताणात तपासली होती. ताणात ती वीस हजार न्यूटनच्या आसपास सोसते, म्हणून निर्धास्तपणे पुढे गेलो होतो. पण स्टिक मागे ओढली, एलेव्हेटर वर गेला, की ही नळी दाबात येते. वर उल्लेखलेल्या जुन्या भाग २३ मध्ये स्टिकवरच्या एलेव्हेटरसाठी वैमानिकाचा किमान जोर १०० पौंड, म्हणजे ४४५ न्यूटन धरलेला आहे. ४.२ ने गुणले की लांब पुशरॉडमध्ये सुमारे १८७० न्यूटन आणि दीडचा गुणक लावला की २८०० न्यूटन येतात. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे आमची नळी १६५० न्यूटनलाच बाक घेऊन जाणार होती. खात्री करण्यासाठी एलेव्हेटर अडवून स्टिक ताणकाट्याने ३० किलोपर्यंत ओढली आणि नळीला सरळपट्टी लावली : मोकळी असताना जो १ मिमीचा बाक होता तो मधोमध ४ मिमी झाला होता. तेथेच थांबलो. त्या आधी मुठीपाशी जोर लावल्यावर जी स्पंजासारखी भावना येई आणि जी आम्ही प्लेच्याच खात्यात टाकत होतो, ती या बाकाची होती. एक-दोन किलोच्या ओढीत होणारी हालचाल म्हणजे प्ले आणि त्यापुढे जोराबरोबर वाढत जाणारी हालचाल म्हणजे लवचीकता. या दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवली असती, तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते.

लिव्हरऐवजी ३८ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची अखंड नळी घालण्याचा पर्यायही तपासला. तिची दाबातली ताकद सुमारे ६००० न्यूटन भरते आणि सांधे वाढत नाहीत, हा तिचा मोठा गुण. पण वारंवारता ४६ हर्ट्झ येते, आणि दोन पात्यांच्या प्रोपेलरची पाती ३१५० इंजिन फेऱ्यांना नेमक्या त्याच तालावर फिरतात. शिवाय बल्कहेडची भोके मोठी करावी लागली असती. आम्ही लिव्हर घेतला. पाऊण मीटरच्या तुकड्याची दाबातली ताकद ६५०० न्यूटनच्या वर जाते. ५५०० फेऱ्यांना दोन पात्यांचा ठोका सुमारे ८१ हर्ट्झचा असतो, तो १२० पासून पुरेसा दूर आहे. तीन पाती असती तर तो १२१ हर्ट्झवर आला असता आणि हाच उपाय आमच्या अंगावर उलटला असता, म्हणून दुसऱ्या कोणाची लांबी पाहून आपली नळी कापू नये. इंजिनाचे स्फोट ३६०० फेऱ्यांना १२० हर्ट्झवर येतात, त्यामुळे त्या फेऱ्यांवर दहा मिनिटे थांबून झाकणातून पाहिले. नळीची कड रेखीवच राहिली. प्रोपेलरचा समतोलही त्याच आठवड्यात करून घेतला.

नव्या लिव्हरचा पिव्हटही बेल क्रँकसारखाच दोन बेअरिंगांचा आहे आणि त्याचा स्पेसर बसवण्यापूर्वी दोनदा मोजला. रॉड एंडचे आटे नळीच्या टोकात पुरेसे गेले आहेत हे पाहण्यासाठी ठेवलेल्या भोकात बारीक तार घालून तपासले. तार आरपार गेली तर आटे कमी आहेत. स्टिक दोन्ही टोकांना नेऊन रॉड एंडचे डोके कोठे ब्रॅकेटला टेकत नाही हेही पाहिले, कारण टेकलेला रॉड एंड एका फेरीत वाकतो.

ज्यांच्या विमानात पुशरॉडऐवजी केबल आहे त्यांनी वरची सगळी शोधाशोध सुरू करण्यापूर्वी घड्याळ आणि थर्मामीटर पाहावा. ॲल्युमिनियम अंशाला दशलक्षात २३ आणि साध्या स्टीलची केबल सुमारे १२ भागांनी प्रसरण पावते. ५ मीटरच्या केबलमध्ये २० अंशांच्या फरकाने १.१ मिमीचा फेर पडतो. हिवाळ्यात सकाळी सैल आणि दुपारी घट्ट होणारी केबल झिजलेली नसते. तिचा ताण टेन्सिओमीटरने, तापमानाच्या नोंदीसह, एकदाच नीट बसवावा. रोज सकाळी टर्नबकल (केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवू नये.

स्टिक ४५ किलोपर्यंत ओढण्याची चाचणी आता नळी न वाकता पार पडली आहे. लिव्हर बसवल्यापासून इंजिन बारा तास चालले. एक किलोच्या ओढीत मुठीपाशी २.५ मिमी आणि पाच किलोच्या ओढीत २.८ मिमी हालचाल मिळते. त्यातला अर्धा मिलिमीटर नव्या लिव्हरच्या सांध्यांचा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून तेवढाच आहे. तिन्ही पिव्हटांच्या बोल्टांवर लाल रेघा आहेत, आणि इंजिन बंद झाल्यावर झाकण उघडून त्या पाहणे हे आता नोंदवहीतले पहिले काम आहे.